बी.एस्सी. प्राणिशास्त्रानंतर खाडी-कांदळवनातल्या पक्ष्यांवर संशोधन आणि प्राध्यापकी, दोन्ही जमेल का?

जमेल, पण वेळ लागतो. एम.एस्सी. (डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत जमलं तर उत्तमच), मग नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), मग पीएच.डी. या साऱ्यात तिशी सहज गाठली जाते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

कॉलेजात नोकरी लागली तरी ती वन्यजीवांची नसते. तास प्राणिशास्त्राचे, त्यात पेशीविज्ञानही शिकवावं लागतं. संशोधन उरलेल्या वेळात. आणि खाडीला तुमचं वेळापत्रक कळत नाही! भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांचा जुना हिशेब पाठ करा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. चिखल उघडा पडला की पक्षी खायला पांगतात, पाणी चढलं की एका जागी गोळा होतात. मोजणी तेव्हाच सोपी.

विषय मात्र दारातच आहे. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण फ्लेमिंगोंवर सगळेच तुटून पडतात. मला विचाराल तर त्या चिखलातले किडे, खेकडे, शेवाळ पाहा. पक्षी का येतात याचं उत्तर तिथंच आहे आणि तिथे गर्दीही कमी.

तोवर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या प्रकल्पात फील्डवर काम मिळतं का, विचारून बघा. गुडघाभर गाळात दोन महिने काढलेत की हे आपलं काम आहे की नाही ते कळेल.