185 विमानं खरंच पडली का?

प्रश्न : आजोबांच्या कात्रणवहीत 15 सप्टेंबर 1940 रोजी ब्रिटिशांनी 185 जर्मन विमानं पाडल्याची बातमी आहे. असा आकडा तपासायचा कसा?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : पाडणाऱ्याच्या दाव्यावरून नव्हे, गमावणाऱ्याच्या दप्तरावरून. प्रचारासाठी छापलेलं पत्रक नको. सुटे भाग आणि बदली विमानं मागवण्यासाठी ठेवलेली अंतर्गत नोंद हवी. तिथे खोटं लिहिलं तर स्वतःचीच पंचाईत. युद्धानंतर जर्मन नोंदी हाती आल्या, तेव्हा त्या दिवसाचं नुकसान साधारण 60 विमानांचं निघालं.

हा फरक निव्वळ थापांचा नव्हता. एकाच बॉम्बरवर तिघांनी गोळ्या झाडल्या, की तिघंही दावा करत. आकाशात जितकी गर्दी, तितकी फुगवट जास्त. शिवाय सूर मारणारं मेसरश्मिट (जर्मन लढाऊ विमान) पूर्ण वेगात काळा धूर सोडी. ते ढगात शिरलं की ‘पडलं’ असं वाटे, आणि ते मात्र सुखरूप घरी!

ताळा करताना विमानाचा अनुक्रमांक, तुकडी, वैमानिकाचं नाव आणि पडल्याचं ठिकाण जुळवा. नुसती बेरीज फसवते. जर्मन नोंदीत हानी टक्क्यांत असे. 60 टक्के किंवा अधिक म्हणजे विमान बाद. त्याखालची दुरुस्त होऊन परतत, ती मोजू नका. अपघात वेगळे काढा. आणि एकाच दिवसाच्या नोंदीवर थांबू नका, पुढच्या दिवसांत उशिरा केलेल्या नोंदीही चाळा.