काळी-पांढरीतली ‘पांढरी’ कोणती?

प्रश्न असा आला आहे : गावच्या एका जुन्या कागदात ‘समस्त काळी-पांढरी’ असे शब्द आहेत. काळी म्हणजे काळी जमीन हे कळलं; मग पांढरी म्हणजे हलकी, नापीक जमीन का?

नाही. पांढरी म्हणजे गावाची वस्तीची जागा. पिकतं ती काळी, राहतो ती पांढरी. दोन्ही मिळून अख्खं गाव, माणसांसकट. ‘पांढर’ असंही म्हणतात. आज आपण तिथे ‘गावठाण’ म्हणतो, आणि १९६६च्या जमीन महसूल अधिनियमातही तोच शब्द आहे. सात-बारा निघतो तो काळीचा. पांढरीतल्या घराला कित्येक गावांत असा कागदच नव्हता. २०२०पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजायला लागले, ते त्यासाठीच.

आता रंगाचं. मला हा शब्द आवडतो तो इथे. काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झाली, ती निसर्गाची. पांढरी मात्र माणसांनी केलेली आहे. मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावरच नव्या उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, हाडं, चुना, सगळं तिथेच जिरतं. पाच-पंचवीस पिढ्यांत जमीन उंचावते आणि फिकट, भुरभुरीत होते. एखादं जुनं टेकाड नदीने कापलेलं असेल तर काठाशी उभं राहून पाहा : राखेचा करडा पट्टा, त्याखाली चोपलेल्या जमिनीची रेघ, मध्येच खापराची कड बाहेर आलेली, पुन्हा राख. पुरातत्त्वाच्या मराठीत ‘पांढरीचं टेकाड’ हा शब्द रूढ झाला तो यामुळेच. घोड नदीकाठचं इनामगाव, प्रवरेकाठची जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही ताम्रपाषाणयुगीन गावं अशाच टेकाडांतून उजेडात आली.

टेकाडं कमी होत गेली त्यालाही ही मातीच कारण. ती खत म्हणून शेतकरी गाड्या भरभरून शेतात नेत. म्हणजे पांढरी शेवटी काळीतच गेली! मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाच्या घरांवरही हीच माती पसरत. पावसाळ्याआधी नवा थर द्यायचा की छत गळत नसे. त्यामुळे त्या भागातल्या म्हाताऱ्यांना ‘पांढरी कुठली?’ असं विचारलं तर ते मातीची जागा दाखवतील, शब्दाचा अर्थ सांगत बसणार नाहीत.

माणसं उठून गेली तरी पांढर राहते. महसुली कागदांत अशा ओसाड गावांना ‘बेचिराग’ म्हणतात. फारसी ‘बे’ आणि ‘चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. बोलताना त्याचं ‘बेचिराख’ झालं, आपल्याला त्यात राख दिसायला लागली आणि अर्थही जळून खाक होण्याकडे सरकला. चूकच, पण इतकी चपखल की दुरुस्त करावीशी वाटत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. ‘पांढरपेशा’चा या पांढरीशी संबंध नाही, तो पांढऱ्या कपड्यांवरून आलेला. आणि पंढरपूर म्हणजे ‘पांढरीचं पूर’ अशी जुळणी करण्याचा मोह होतो, पण जुन्या कोरीव लेखांत त्या गावाचं नाव ‘पंडरगे’ असं येतं, तेव्हा तो आवरलेला बरा.

लिहिताना ‘गावाची पांढर’, ‘पांढरीत’, ‘पांढरीवर’ अशी रूपं चालवावीत. ‘काळी आई’ अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. तिची जोडीदारीण तेवढी कागदातच राहिली.