नेटलोगोमध्ये आकृती रेखाटताना
नेटलोगो या संगणकावर प्रतिरूपे (सिम्युलेशन) घडवण्याच्या प्रोग्रामिंग भाषेतील ‘टर्टल’च्या, म्हणजे पडद्यावर फिरणाऱ्या घटकांच्या, आकृत्या व्हेक्टर स्वरूपाच्या, म्हणजे रेषा, वर्तुळे, चौकोन आणि बहुभुज यांनी घडलेल्या असल्यामुळे मोठ्या केल्या तरी त्यांच्या कडा खडबडीत होत नाहीत; म्हणून आपण ‘शेप्स एडिटर’ या नेटलोगोतील आकृती काढण्याच्या साधनातच आकृती काढावी, आणि तीही शक्य तितकी साधी. मुंगीचे सहाही पाय बारकाईने काढण्याचा मोह होतो खरा, परंतु पडद्यावर शेकडो मुंग्या धावू लागल्या की ते पाय कोणालाच दिसत नाहीत. आकृती दिशेनुसार वळायला हवी असल्यास ‘रोटेटेबल’ चालू ठेवून तिचे तोंड वर करावे, कारण येथे 0 अंश म्हणजे वरची दिशा. झाडासाठी मात्र हा पर्याय बंदच ठेवावा. ज्या भागाचा रंग प्रोग्रामने बदलायचा आहे, तो ‘कलर दॅट चेंजेस’मध्ये निवडलेल्या रंगानेच भरावा.