खाडीचं पाणी, दोन आकडे

प्रश्न: माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे. प्रकल्पासाठी तिच्या गटाने ठाणे खाडीचं पाणी एकाच जागेवरून सकाळी आणि दुपारी घेतलं. दुपारचं क्लोरोफिल सकाळच्या जवळपास दुप्पट आलं. यातला खरा आकडा कोणता? आणि क्लोरोफिल जास्त म्हणजे खाडी निरोगी, असं लिहायचं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: दोन्ही आकडे खरे असू शकतात. क्लोरोफिल म्हणजे शैवालातलं हरितद्रव्य; त्यावरून पाण्यात शैवाल किती आहे ते कळतं. मुलीला आधी हे विचारा, की पाणी घेतलं तेव्हा भरती होती की सुकती? वहीत ते लिहिलेलं नसेल, तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून आजच लिहायला सांगा. खाडीत जागा तीच राहिली तरी पाणी तेच राहत नाही. भरतीला बाहेरचं समुद्राचं पाणी आत येतं, सुकतीला ठाण्याकडचं, नाल्यांचं पाणी खाली उतरतं. शिवाय सुकतीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर डायटम या सूक्ष्म शैवालाची तपकिरी साय धरते. भरतीचं पाणी चढू लागलं की ती ढवळून वर येते आणि बाटलीत शिरते. म्हणजे आपण पाण्यात तरंगणारं शैवाल मोजतोय असं वाटतं, पण त्यात चिखलावरचंही मिसळलेलं असतं.

माझी सगळी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात झाली, म्हणून प्रयोगशाळेतल्या बाबी जरा सविस्तर सांगते. नमुना गडद बाटलीत, बर्फात आणायचा आणि लवकर गाळायचा. काचतंतूंच्या फिल्टरमधून आपल्या खाडीचं पाव लिटर पाणी गाळतानाही गाळाने फिल्टर तुंबतो. तरी पंपाचा जोर वाढवू नये, पेशी फुटतात. किती पाणी गाळलं ते मात्र नेमकं लिहावं. मग फिल्टर ९० टक्के ॲसिटोनमध्ये घालून, फॉइल गुंडाळून, रात्रभर फ्रिजच्या अंधारात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी अर्क सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवून गाळ खाली बसवून, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचायचा. ७५० चं वाचन त्यातून वजा करायचं, कारण तिथे क्लोरोफिल प्रकाश शोषत नाही. तिथे दिसतो तो उरलेला गढूळपणा. आपल्याकडे ही वजाबाकी टाळली तर गाळच क्लोरोफिल म्हणून मोजला जातो.

शेवटी थोडं आम्ल घालून पुन्हा वाचायचं. मेलेल्या शैवालाचं क्लोरोफिल मोडून फिओफायटिन होतं आणि तेही जवळपास त्याच रंगाचा प्रकाश शोषतं. आम्लामुळे जिवंत किती, मोडलेलं किती, हे वेगळं करता येतं. कांदळवनाची पानं कुजत असलेल्या खाडीत ही पायरी मी कुणालाही वगळू देणार नाही.

आता निरोगीपणाचं. जास्त क्लोरोफिल म्हणजे जास्त शैवाल, एवढंच. ते माशांच्या पिलांचं अन्न असतं, तसंच सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर पोसलेलंही असतं. उलट, आकडा कमी आला म्हणून पाणी स्वच्छ ठरत नाही. गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही, त्यामुळे खत भरपूर असूनही शैवाल वाढत नाही. ही गोष्ट मुलीने अहवालात ठळक लिहावी असं मला मनापासून वाटतं, कारण कमी आकड्याच्या आधारे खाडी सुधारल्याचं फार सहज म्हटलं जातं.

म्हणून क्लोरोफिलच्या जोडीला विरघळलेला ऑक्सिजन मोजा, आणि तो दुपारी तसाच पहाटेही. दुपारी शैवाल ऑक्सिजन सोडत असतं, तेव्हाचा आकडा छानच येतो. रात्री मात्र शैवाल आणि जिवाणू दोघेही तो वापरतात. शैवाल फार माजलेलं असेल तर सूर्योदयाआधी ऑक्सिजन अगदी कमी होतो आणि मासे मरतात ते तेव्हाच. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती), दोन्ही वेळा, भरतीची तीच अवस्था साधून वर्षभर नमुने घेतले, तर त्या नोंदी पुढच्या मुलांनाही उपयोगी पडतील. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, फ्लेमिंगो तिथे येतात ते या शैवालासाठी आणि बारीक जीवांसाठी. अशा जागेच्या नोंदी सलग असायला हव्यात.

प्रश्न: उपग्रहाच्या क्लोरोफिलवरून मासळी कुठे मिळेल ते मोबाइलवर कळतं. मग आपल्या खाडीचं का नाही कळत?
– एक वाचक, दिवाळे कोळीवाडा

उत्तर: हैदराबादची इन्कॉइस ही संस्था ती सूचना देते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि क्लोरोफिल जिथे एकदम बदलतं, त्या पट्ट्यांत मासळीची शक्यता जास्त असते. उपग्रह पाण्यातून परतणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाची तुलना करतो. शैवाल निळा शोषून घेतं, त्यामुळे भरसमुद्रात हिशेब जुळतो. खाडीत मात्र गाळ आणि कुजलेल्या पानांचा रंगही त्याच प्रकाशात ढवळाढवळ करतो. आपल्या ओशनसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका साधारण ३६० मीटरचा असतो; काठाजवळ त्यात पाणी, चिखल आणि तिवरं एकत्र येतात. पावसाळी ढगांत तर काहीच दिसत नाही. म्हणून खाडीसाठी होडीतून बाटली भरून आणण्याला आजही पर्याय नाही, आणि भरती-सुकतीचं तुमचं ज्ञान त्या कामात हवंच आहे. जवळच्या कॉलेजची मुलं नमुने घ्यायला आली, तर त्यांना होडीत घ्या.