तंबोऱ्याचं तयार सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित सूर, मिळत असताना फिजिकल मॉडेलिंगच्या, म्हणजे वाद्य कसं कंप पावतं ते गणिताने मांडून आवाज घडवण्याच्या, फंदात का पडावं?

गाण्यामागे नुसता तंबोरा हवा असेल तर पडू नका. सॅम्पल लावा आणि मोकळे व्हा. पण सूर चालू असताना वाद्यातच हात घालायचा असेल, तर सॅम्पल तिथे हात टेकतं.

आधी एक सोपा प्रयोग करून बघा. केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेली ही युक्ती आहे. 200 आकड्यांची रांग घ्या, तिच्यात कसेही वेडेवाकडे आकडे भरा. ही झाली तार छेडणं. आता पहिला आकडा स्पीकरला द्या, त्याची आणि त्याच्या मागच्याची सरासरी रांगेच्या शेपटीला जोडा, पहिला काढून टाका. सेकंदाला 44,100 वेळा हेच करत राहा. साधारण 220 हर्ट्‌झची तार वाजते! सरासरीमुळे वरचे स्वरांश (मूळ सुरात मिसळलेले उंच सूर) आधी विरतात, म्हणून सुरुवातीची खरखर पटकन गोल होते. पायथनमध्ये जेमतेम दहा-पंधरा ओळी.

तंबोऱ्याला मात्र एवढं पुरत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच लिहून ठेवलंय की, एखाद्या स्वरांशाचा जो बिंदू स्थिर असतो तिथेच तार छेडली तरी तंबोऱ्यात तो स्वरांश ठणठणीत ऐकू येतो. साध्या तारेत तो यायलाच नको. हा सगळा खेळ बाकदार घोडीचा आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याचा. तार कंप पावताना घोडीला टेकते, सुटते. मॉडेलमध्ये ही टक्कर क्षणोक्षणी मोजावी लागते, आणि तेच किचकट काम आहे. पण एकदा जमलं की वाजत्या सुरात दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो झंकार, बदलता येते. मिरजेच्या कारागिरालाही मान्य होईल अशी जवारी लागेल का, ते सोडा; पण ती हलवणं हाच रचनेचा भाग होतो.

याचं टोक बघायचं तर फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या क्लोद काडोझ यांची 2001 मधली 'पिको..टेरा' ही रचना ऐका. वजनं आणि स्प्रिंगा यांचं एकच मोठं मॉडेल सोडून दिलंय. जवळपास पाच मिनिटांचं सगळं संगीत त्यातूनच निघतं, वरून संपादन नाही.

सुरुवातीला 'फाउस्ट' ही आवाज घडवण्याची प्रोग्रॅमिंग भाषा वापरा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, तारा-बासऱ्यांची मॉडेल्स आयती मिळतात. फक्त फीडबॅक (दर फेरीला आवाजाचा किती भाग परत आत जातो ते प्रमाण) 1 च्या वर नेऊ नका, आणि नेणारच असाल तर हेडफोन आधी कानावरून काढा.