पगार माझा, पण कार्ड त्यांच्याकडे

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहते, महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, पगार चांगलाय. परवा सोसायटीच्या महिला मंडळात विषय निघाला की आता बायका सक्षम झाल्यात, तर सगळ्या माझ्याकडेच बोट दाखवायला लागल्या. पण माझं एटीएम कार्ड मिस्टरांकडे असतं आणि माहेरी कल्याणला जायचं तरी आधी विचारावं लागतं. मग मी सक्षम आहे का, हे मोजायचं कसं?

उत्तर: अगं, एका आकड्यात ते मावतच नाही. नायला कबीर या अभ्यासक बाईंनी 1999 मध्ये हे तीन भागांत मांडलं, हातात काय आहे, त्यातलं स्वतःच्या मर्जीने काय ठरवता येतं आणि शेवटी पदरात काय पडतं. तुझं पहिलं आहे, दुसऱ्यावर गाडी अडलीय.

आणि माहेरचं म्हणशील तर ती बारीक गोष्ट नाहीच, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना हेच विचारतात, की स्वतःचं औषधपाणी, घरातली मोठी खरेदी आणि नातेवाइकांकडे जाणं हे कोण ठरवतं. 2019-21 च्या फेरीत स्वतः वापरते असं बँक खातं 78.6 टक्के बायकांकडे होतं, पण बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर, तिन्हीकडे एकटीने जायची मुभा साधारण 42 टक्क्यांनाच. म्हणजे खातं आलं म्हणून पाय मोकळे झाले असं नाही गं.

त्यात 'दोघं मिळून ठरवतो' हे उत्तरसुद्धा सर्वेक्षणात सहभाग म्हणूनच धरतात. मला ते पुरेसं वाटत नाही. तू नाही म्हणालीस तर घरात काय होतं, ते बघ.

वेळेचंही तसंच. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, तसं काम करणाऱ्या पुरुषांची 97. तू आठवडाभर स्वतःची मिनिटं लिहून काढ, ऑफिसहून आल्यावरची तर नक्कीच.

पैसा, येणंजाणं, वेळ, तब्येत, सगळं वेगवेगळं लिही आणि बेरीज करू नकोस, कारण पगाराचे मार्क माहेरच्या रकान्यात धरले की खरं काय ते झाकलं जातं.

आधी एवढं बघ, पगार जमा झाल्याचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो? मिस्टरांच्या येत असेल तर या शनिवारी शाखा उघडी आहे का बघून स्वतः जा, खात्याला तुझा मोबाईल नंबर जोडून घे आणि कार्डाचा पिन बदलून ये. घरी आधी सांगून जा, पण परवानगी म्हणून नको.