‘आचंद्रार्क’ आणि रामदेवरायाच्या काळातला एक शिलालेख

प्रश्न असा: देवगिरीच्या यादव राजांच्या शिलालेखांत दिसणारा ‘आचंद्रार्क’ म्हणजे काय, आणि ‘आचंद्रार्कपर्यंत’ असे लिहिलेले चालेल का?

आधी फोड करू. आ + चंद्र + अर्क. अर्क म्हणजे सूर्य, काढा नव्हे. ‘आ’ म्हणजे ‘पर्यंत’, जसा आमरण, आकंठ यांत. चंद्रसूर्य आहेत तोवर, असा अर्थ. ‘आ’ ऱ्हस्व करून ‘अचंद्रार्क’ लिहिले की तो नकार होतो आणि चंद्रसूर्यच नाहीसे होतात! छापील पुस्तकांतसुद्धा ही चूक सापडते.

हा शब्द नुसता अलंकार नव्हता, दानाच्या व्यवहारातली ती अटच होती. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ घ्या. देवगिरीचा रामचंद्रदेव, म्हणजेच रामदेवराय, 1271 साली गादीवर आला. हा लेख त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू होतो. आरंभी शके 1195, श्रीमुख संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचे नाव). पडताळा सोपा आहे: शकात 12 मिळवा, 60 ने भागा; बाकी 7 उरते आणि सातवा संवत्सर श्रीमुखच. शके 1195 म्हणजे इसवी सन 1273-74. पुढे विठ्ठलदेवरायाला फुले ‘आचंद्रार्क चालावेया’ भक्तांनी ‘दत्त पैकाचा विवरु’ येतो. ‘चालावेया’ म्हणजे चालावी म्हणून, ‘दत्त’ म्हणजे दिलेला, आणि ‘विवरु’ म्हणजे तपशील. थोडक्यात, ही देणगीदारांची यादी आहे. एकदाच फुले वाहायची असती तर हा शब्द लागलाच नसता. इथे ती रोज पुरवायची सोय केली आहे आणि तिला मुदत नाही.

‘पुत्रपौत्रानुक्रमे’शी याची गल्लत करू नये. तो शब्द दान कोणाकडून कोणाकडे जाईल ते सांगतो, ‘आचंद्रार्क’ ते किती काळ टिकेल ते. दाता मेला किंवा राजा बदलला तरी दान मोडू नये, हा त्यामागचा रोख. दानाच्या दगडांवर माथ्याला चंद्रसूर्य कोरतात ते याच कलमाचे चित्र, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही अट कळावी. गधेगाळीवर (गाढवाची शिवी कोरलेल्या दानाच्या दगडावर) वर चंद्रसूर्य आणि खाली दान मोडणाऱ्याला चित्रातून दिलेली शिवी. मधला मजकूर झिजला तरी दगड कशाचा ते ओळखता येते.

आता ‘आचंद्रार्कपर्यंत’. ‘पर्यंत’ हा अर्थ ‘आ’मध्ये आलेलाच आहे, तेव्हा ही द्विरुक्ती, ‘आमरणपर्यंत उपोषण’ म्हणण्यासारखीच. संस्कृतात हा अव्ययीभाव समास, म्हणून ‘आचंद्रार्काला’, ‘आचंद्रार्काने’ अशी रूपेही करू नयेत. ‘हे दान आचंद्रार्क चालावे’ हे मूळ वळण. ‘आचंद्रार्क कीर्ती’ असा विशेषणासारखा वापर मराठीत रुळला आहे, त्याला हरकत नाही. मात्र पाच वर्षांच्या करारात हा शब्द घालू नका.